घरी पाठवलं म्हणजे हात टेकले का? बोन मॅरो ट्रान्सप्लांट : रुग्णालयात की घरी, याचा इतिहास

गेल्या वर्षी एका संध्याकाळी ओपीडी संपत असताना फोन आला. माझे जुने रुग्ण, निवृत्त मास्तर, यांना मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर झाला होता आणि पुण्यातल्या एका केंद्रात त्यांचे बोन मॅरो ट्रान्सप्लांट झाले होते. फोनवर त्यांचा मुलगा होता. आवाज कापरा.

"डॉक्टरकाका, बाबांना उद्या घरी न्या म्हणतायत. एवढं मोठं ऑपरेशन झालं, आणि सतरा दिवसांत घरी? काही उरलं नाही म्हणून सोडतायत का?"

त्याचा दोष नाही. आपल्याकडे 'आता घरी न्या' या शब्दांची धास्ती असते. गावाकडे त्याचा एकच अर्थ घेतला जातो, डॉक्टरांनी हात टेकले. मी त्याला सांगितले की हे ऑपरेशन नव्हेच आणि घरी सोडताहेत ही चांगली बातमी आहे. फोन ठेवल्यावर मात्र वाटले, त्याची शंका अगदीच चुकीची नाही. पन्नास वर्षांपूर्वी अशा रुग्णाला काचेच्या खोलीत कोंडून ठेवत असत. आज जगातल्या काही केंद्रांत निवडक रुग्णांना भरतीसुद्धा करत नाहीत. रोज सकाळी यायचे, तपासणी करायची, संध्याकाळी मुक्कामी परत जायचे. मधल्या काळात असे काय बदलले? ते समजले, तर आपल्या रुग्णासाठी काय योग्य हे ठरवायलाही मदत होते.

आधी थोडे समजून घेऊ

आपल्या हाडांच्या पोकळीत जो मऊ मगज असतो, ती अस्थिमज्जा म्हणजेच बोन मॅरो. रक्तातल्या तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स इथे तयार होतात. त्या ज्यांच्यापासून तयार होतात त्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल्स. ही झाली रक्ताची बियाणे.

ट्रान्सप्लांटचे मुख्य दोन प्रकार आहेत. पहिल्यात रुग्णाच्याच मूळ पेशी आधी काढून जपून ठेवतात, मग केमोथेरपीचा मोठा डोस देतात आणि त्या पेशी परत देतात. याला ऑटोलोगस म्हणतात. मायलोमामध्ये बहुधा हाच करतात. दुसऱ्यात पेशी भावाच्या, बहिणीच्या किंवा अन्य दात्याच्या असतात. हा ॲलोजेनिक. दोन्हींत पेशी रक्त चढवतात तशाच शिरेतून देतात. कापाकापी नसते.

खरी परीक्षा त्यानंतर असते. केमोने जुनी मज्जा झोपलेली असते आणि नवे बी अजून रुजलेले नसते. त्या दिवसांत 'काउंट' जवळजवळ शून्यावर जातो. पांढऱ्या पेशी नाहीत म्हणजे घराला राखणदार नाही. आपल्याच आतड्यातले रोजचे जंतूसुद्धा तेव्हा जिवावर उठू शकतात. ट्रान्सप्लांटचा सगळा इतिहास म्हणजे हे राखणदार नसलेले दिवस कसे पार करायचे याचा इतिहास आहे.

काचेच्या खोलीचे दिवस

१९४५ च्या अणुबॉम्बनंतर डॉक्टरांच्या लक्षात आले की किरणोत्सर्गाने अस्थिमज्जा मरते आणि माणूस काही आठवड्यांत इन्फेक्शनने किंवा रक्तस्रावाने जातो. पुढच्या काही वर्षांत उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले की निरोगी मज्जा शिरेतून दिली तर किरणोत्सर्ग झालेले उंदीर वाचतात.

माणसावरचा मोठा प्रयत्न डॉ. ई. डॉनल थॉमस यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन या छोट्या गावातून १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. सहा रुग्णांना त्यांनी मज्जा दिली होती. सहाही जण शंभर दिवसांच्या आत गेले. दाता आणि रुग्ण यांच्या पेशी जुळाव्या लागतात, त्यासाठी एचएलए नावाच्या खुणा तपासाव्या लागतात, हे तेव्हा कळलेलेच नव्हते. त्या खुणांपैकी पहिली फ्रान्सच्या ज्याँ दोसे यांनी १९५८ मध्ये ओळखली. १९७० साली जगभरातल्या सुमारे २०० प्रत्यारोपणांचा आढावा घेतला गेला, तेव्हा दीर्घकाळ जगलेले रुग्ण बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. अनेकांनी हा मार्ग सोडून दिला. थॉमस कुत्र्यांवर संशोधन करत राहिले आणि नंतर सिॲटल शहरात त्यांनी माणसांवरचे काम पुन्हा सुरू केले. १९७७ मध्ये त्यांच्या गटाने शेवटच्या अवस्थेतल्या ल्युकेमियाच्या १०० रुग्णांचा अहवाल दिला. त्यात १३ जण दीर्घकाळ जगले होते. आज १३ हा आकडा लहान वाटेल, पण या रुग्णांपुढे दुसरा कोणताच उपाय उरला नव्हता. १९९० मध्ये थॉमस यांना नोबेल मिळाले.

त्या काळातले वॉर्ड कसे असत? गाळलेली हवा एकाच दिशेने वाहत राहील अशा खोल्या. आत जाणाऱ्याला निर्जंतुक गाऊन, टोपी, मास्क, हातमोजे. जेवण निर्जंतुक केलेले, म्हणजे चव गेलेले. आतड्यातले जंतू मारायला तोंडावाटे कडू औषधे. नातेवाईक प्लॅस्टिकच्या पडद्यापलीकडे. आईला लेकराच्या कपाळावर नुसता हात ठेवायचा, तर तोही मोजा घालून. आणि हे सारे आठवडेच्या आठवडे.

यामागचा तर्क सरळ होता. जंतू बाहेरून येतात, म्हणून भिंत जाड करा.

भिंत कुठे कमी पडली?

भिंतीची मर्यादा सगळ्या जगाने पाहिली ती अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात. डेव्हिड नावाचा मुलगा १९७१ मध्ये जन्मतःच प्रतिकारशक्तीशिवाय आला. त्याला प्लॅस्टिकच्या निर्जंतुक फुग्यात वाढवले. बारा वर्षे तो तिथे राहिला. शेवटी बहिणीची मज्जा त्याला दिली. त्या मज्जेबरोबर एक सुप्त विषाणू आत गेला, त्यातून कॅन्सर झाला आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये तो गेला. बारा वर्षे भिंतीने जे अडवले, ते उपचाराबरोबरच आत आले.

ल्युकेमियाच्या रुग्णांतही असाच धडा मिळत होता. गाळलेल्या हवेच्या खोल्यांची सिॲटलमध्ये रीतसर तुलना झाली, तेव्हा इन्फेक्शन कमी झालेली दिसली, पण जगणाऱ्यांची संख्या त्या प्रमाणात वाढली नाही. कारण बरेचसे जंतू बाहेरचे नसतातच. ते रुग्णाच्या तोंडातले, आतड्यातले, कातडीवरचे असतात. केमोने तोंडाची आणि आतड्याची आतली त्वचा सोलवटते, तिथून ते रक्तात शिरतात. घरभेदी आत असताना दाराला कुलूप लावून कितीसा उपयोग?

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हवेतल्या बुरशीपासून, विशेषतः ॲस्परजिलस या बुरशीपासून, गाळलेली हवा खरेच वाचवते. म्हणून दात्याच्या पेशींच्या ट्रान्सप्लांटमध्ये अशा खोल्या आजही वापरतात. आणि म्हणूनच जिथे बांधकाम किंवा तोडफोड चालू आहे तिथे या रुग्णांनी फिरकू नये असे सांगतात.

१९९२ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपला अनुभव मांडला. त्यांनी दात्याच्या पेशींचे ट्रान्सप्लांट कडक विलगीकरणाशिवाय केले होते, आणि तरीही इन्फेक्शनने हाहाकार उडाला नव्हता. पुढे दहा वर्षांचा अनुभवही त्यांनी तसाच सांगितला.

दिवस कमी झाले, म्हणून दार उघडले

पण दार उघडण्याचे खरे कारण वेगळे होते. राखणदार नसलेले दिवसच कमी झाले.

१९९१ मध्ये अमेरिकेत दोन औषधांना मंजुरी मिळाली. एक जी-सीएसएफ, म्हणजे पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन. दुसरे ऑन्डान्सेट्रॉन, उलटी थांबवणारे. आज तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या या दुसऱ्या गोळीने कॅन्सरच्या रुग्णांचे आयुष्य किती बदलले हे नव्या पिढीला सांगूनही कळणार नाही. त्याआधी केमोचा रुग्ण दिवसदिवस ओकत असे, तो घरी कसा राहणार?

जी-सीएसएफने आणखी एक वाट मोकळी केली. या इंजेक्शनने मूळ पेशी हाडातून रक्तात उतरतात. मग भूल देऊन कमरेच्या हाडातून मगज काढण्याऐवजी, प्लेटलेट दान करतो तशा यंत्रावर त्या हातातून गोळा करता येतात. या पेशी लवकर रुजतात. पूर्वी काउंट वर यायला तीन आठवडे किंवा अधिक लागत. स्वतःच्या पेशी रक्तातून घेतल्या तर तो सुमारे दहा ते चौदा दिवसांत येऊ लागला.

तिसरी गोष्ट नळीची. १९७९ मध्ये सिॲटलच्याच डॉ. रॉबर्ट हिकमन यांनी ट्रान्सप्लांटच्या रुग्णांसाठी छातीतून मोठ्या शिरेत जाणारी, कातडीखालून बोगद्यासारखी नेलेली नळी तयार केली. ती महिनोन्‌महिने ठेवता येते. दरवेळी शीर शोधत बसायला नको. सलाईन, रक्त, अँटिबायोटिक सगळे तिच्यातून. या नळीशिवाय रोज ये-जा करून उपचार हा विचारच शक्य नव्हता.

मुक्काम लॉजवर, आणि एक कटू धडा

या साऱ्याचा फायदा घेऊन अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या डॉ. विल्यम पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत बसवली. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांना मोठा केमो द्यायचा, स्वतःच्या पेशी परत द्यायच्या आणि मग रुग्णालयाजवळच्या हॉटेलात ठेवायचे. सोबत घरचे माणूस. रोज क्लिनिकमध्ये तपासणी. ताप आला तर लगेच उपचार, गरज पडली तरच भरती. हा अनुभव त्यांनी १९९४ मध्ये मांडला. खर्च कमी झाला, खाटा मोकळ्या झाल्या, रुग्णांनाही आवडले. ही पद्धत अमेरिकेत इतरत्रही पसरली.

इथे इतिहास एक चपराक देतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हा उपचार मुळात उपयोगी आहे का, हेच नीट तपासून झालेले नव्हते. १९९९ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. साध्या केमोपेक्षा आयुष्य वाढत नव्हते. पीटर्स यांच्याच नेतृत्वाखालच्या चाचणीनेही तेच दाखवले. दक्षिण आफ्रिकेतला एकच अभ्यास जोरदार फायदा सांगत होता. २००० साली तपासणी झाली तेव्हा तो खोटा निघाला. तोवर हजारो स्त्रिया या उपचारातून गेल्या होत्या.

घरून किंवा लॉजवरून उपचार करण्याची रीत उत्तम बसली, पण ज्यासाठी ती बसवली तो उपचारच निष्फळ ठरला. मला या गोष्टीतून एवढेच घ्यावेसे वाटते की 'सोयीचे आहे का?' हा प्रश्न नेहमी दुसरा असतो. पहिला प्रश्न 'या रुग्णाला या ट्रान्सप्लांटची गरज आहे का?' हाच. ती रीत मात्र वाया गेली नाही. मायलोमा आणि लिम्फोमा यांत, जिथे ट्रान्सप्लांटचा फायदा आहे, तिथे ती कामी आली.

स्वीडनमधली परिचारिका दारात

त्याच सुमारास, १९९८ मध्ये, स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळच्या हुडिंगे रुग्णालयाने आणखी धाडस केले. दात्याच्या पेशी घेतलेल्या रुग्णांना, काउंट शून्यावर असताना, थेट घरी ठेवले. २००२ मध्ये त्यांनी घरी राहिलेल्या ३६ रुग्णांचा अहवाल दिला. अनुभवी परिचारिका रोज घरी जाऊन तपासत, डॉक्टर रोज फोनवर बोलत. घर रुग्णालयापासून गाडीने एक-दोन तासांच्या आत हवे आणि घरात चोवीस तास माणूस हवे, अशा अटी होत्या.

घरी राहिलेल्यांना शिरेतून पोषण कमी दिवस द्यावे लागले, खर्च कमी झाला आणि मृत्यूही कमी झाले. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात तो त्रासही त्यांच्यात कमी दिसला. घरचे जेवण, चालणे-फिरणे, आपली माणसे यांचा यात वाटा असावा असे संशोधकांना वाटते.

मात्र डॉक्टर म्हणून मला सांगायला हवे की हे रुग्ण चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. ज्यांना घरी राहायचे होते आणि ज्यांच्या घरी व्यवस्था होती, तेच घरी राहिले. तेव्हा श्रेय घराला किती आणि चांगल्या व्यवस्थेला किती, हे यावरून वेगळे काढता येत नाही. पण पन्नाशीच्या दशकातल्या कल्पनेपासून आपण किती दूर आलो हे यातून दिसते. संरक्षण भिंत करत नव्हती. संरक्षण करत होती ती दारात रोज येणारी परिचारिका आणि ताप येताच हलणारी यंत्रणा.

आपल्याकडे

भारतातले पहिले यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट आपल्या मुंबईत, टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. तारीख २० मार्च १९८३. ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी, मज्जा तिच्या भावाची. हे करणारे डॉ. सुरेश अडवाणी स्वतः लहानपणापासून पोलिओमुळे व्हीलचेअरवर. सिॲटलला थॉमस यांच्या केंद्रात ते हे शास्त्र शिकून आले होते. १९८६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही हे काम सुरू केले.

आज पुणे-मुंबईत अनेक केंद्रे आहेत, पण बहुतेक ठिकाणी रुग्णाला भरती करूनच ट्रान्सप्लांट करतात. ऑटोलोगसला साधारण दोन-तीन आठवडे, दात्याच्या पेशी असतील तर महिना किंवा अधिक. आणि त्यानंतर सुमारे शंभर दिवसांपर्यंत केंद्राच्या जवळ राहा असे सांगतात. याला आपले डॉक्टर मागे आहेत हे कारण नाही. आपल्याकडे औषधांना दाद न देणारे जंतू जास्त आढळतात. धूळ, पावसाळ्यातली ओल आणि पाण्याचा भरवसा हे प्रश्न आहेत. आणि अंतर. रात्री दोन वाजता ताप आला तर सोलापूरच्या किंवा नंदुरबारच्या खेड्यातून पुण्या-मुंबईला पोचायचे कसे?

म्हणून आपल्याकडे खरा प्रश्न रुग्णालय की घर एवढाच नसतो. या दोहोंच्या मधली जागा कुठे, हा असतो. परळला टाटासमोरच्या फूटपाथवर संसार मांडून बसलेली कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे सांगायला नको. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा याच मधल्या जागेचे काम करते. लहान मुलांसाठी सेंट ज्यूड इंडिया ही संस्था २००६ पासून मुंबईत कुटुंबांच्या राहण्याची सोय करते. ड्यूकच्या रुग्णांना जवळचे हॉटेल होते, आपल्याला धर्मशाळा आहे. उपचाराच्या दृष्टीने ही स्वच्छ खोली औषधाइतकीच महत्त्वाची आहे.

माझी एक चूक

हे सगळे मी पुस्तकातूनच शिकलो असे नाही. साधारण पंधरा वर्षांपूर्वी माझ्या एका रुग्ण बाईंचे लिम्फोमासाठी ट्रान्सप्लांट झाले आणि त्या गावी परतल्या. काउंट वर आला होता, पण छातीतली नळी अजून काढलेली नव्हती. रात्री अकराला त्यांच्या नवऱ्याचा फोन आला, थंडी वाजून ताप आलाय. पावसाळा होता, गावात व्हायरल आणि मलेरियाची साथ होती. मी म्हणालो, "पॅरासिटामॉल द्या, सकाळी घेऊन या." सकाळी त्या आल्या तेव्हा रक्तदाब लागत नव्हता. नळीतून जंतू रक्तात गेले होते. तीन आठवडे आयसीयूत काढून त्या वाचल्या. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. पण तो फोन मी विसरलेलो नाही. केंद्राने त्यांना नीट बरे करून पाठवले होते. साखळी तुटली ती माझ्याकडे.

मग आपल्या रुग्णाचे काय?

आपल्या घरात कोणाचे ट्रान्सप्लांट ठरले असेल, तर डॉक्टरांना हे जरूर विचारा :

१. पेशी स्वतःच्या की दात्याच्या? ये-जा करून उपचार प्रामुख्याने पहिल्या प्रकारात आणि एरवी प्रकृती चांगली असलेल्यांत करतात. कमी ताकदीच्या केमोने केलेल्या काही ॲलोजेनिक ट्रान्सप्लांटमध्येही ते शक्य झाले आहे, पण तशी यंत्रणा असलेल्या केंद्रांतच.

२. मुक्कामापासून रुग्णालय किती दूर? रात्रीच्या वेळी, स्वतःच्या वाहनाने, किती मिनिटांत पोचाल?

३. चोवीस तास सोबत कोण? ही सोबत म्हणजे पूर्ण वेळची नोकरी आहे. बहुधा ती घरातल्या बाईच्या अंगावर पडते. रुग्णालयाचे बिल कमी होते, पण तिची झोप आणि तिचा रोजगार त्यात धरलेला नसतो. शक्यतो दोन माणसांनी वाटून घ्या.

४. ताप आल्यावर कोणता नंबर लावायचा, आणि तो रात्री कोण उचलतो? तापमान १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाले, किंवा हुडहुडी भरली, तर परस्पर गोळी देऊन वाट पाहू नका. अशा वेळी अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावे लागते.

५. विम्यात भरतीची अट आहे का? रोज ये-जा करून घेतलेल्या उपचारांचे पैसे मिळतील का, हे आधीच लेखी विचारून ठेवा.

६. गावातल्या डॉक्टरांना डिस्चार्जचा कागद दाखवा. नळी आहे का, काउंट किती, कोणती औषधे चालू, हे त्यांना ठाऊक असू द्या. माझ्यासारखी चूक दुसऱ्या कोणाकडून व्हायला नको.

या सहा प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर घर सुरक्षित आहे. नसतील तर भरती राहणेच बरे, आणि त्यात काही कमीपणा नाही.

मास्तर दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज घेऊन निघाले, पण गावी आले नाहीत. पुण्यात भाचीकडे महिनाभर राहिले, रुग्णालयापासून वीस मिनिटांवर. मुलगा आणि सून आळीपाळीने सोबत होते. एकदा ताप आला, तासाभरात भरती झाले, चार दिवसांत परत आले. आता दर तीन महिन्यांनी माझ्याकडे येतात. परवा आले तेव्हा खिशातून एक वही काढून दाखवली. त्यात रोजचे तापमान, सकाळ-संध्याकाळ, तारखेनिशी, मास्तरांच्या सुवाच्य अक्षरात. एकही रकाना रिकामा नव्हता.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येक रुग्ण वेगळा असतो. भरती राहायचे की नाही हे आपल्या ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.)